भावकूअण्णाच्या घरचं लग्न

बेळगावजवळच्या देसूरमध्ये कुणाच्या घरी लग्न ठरलं की एक नारळ देवापुढं फुटायचा आणि लगेच निरोप भावकूअण्णाकडं जायचा, अशी गेल्या पंचवीस-तीस वर्षांची रीतच पडून गेली होती. भावकू आचारी नव्हता, भटजी नव्हता, गावचा पंचही नव्हता. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत त्यानं अठ्ठावीस वर्षं वाळूचे साचे भरले आणि निवृत्त झाल्यावर दीड एकर भातजमीन आणि दोन म्हशी बघत होता. पण लग्न उभं करावं तर त्यानंच. कार्यालय बघायला गेला तर तो आधी स्टेज बघायचा नाही. मागच्या अंगाला जाऊन हात धुवायच्या नळांच्या तोट्या एकेक करून सोडायचा आणि पाणी कुठल्या बाजूनं वाहून जातंय ते बघत उभा राहायचा. दुपारी बाराला सावली कुठं पडते ते विचारायचा. उन्हाळ्यातल्या लग्नात शंभर माणसांना दहा किलो तांदूळ, डिसेंबरच्या थंडीत बारा, आणि पाहुणे निपाणीकडचे असले तर आमटीला चार मिरच्या जास्त, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर त्यानं कधी एक अक्षर लिहिलं नाही. कुठला मामा रुसणार हे त्याला आदल्या दिवशी कळायचं. मग मामा रुसायच्या आधीच भावकू त्याच्या गळ्यात कसलीतरी जबाबदारी अडकवून द्यायचा.

याबद्दल तो टोपी आणि नारळ सोडून काही घ्यायचा नाही. मात्र तोंडाचा फटकळ. भात करपवणाऱ्या आचाऱ्याला सगळ्यांदेखत झापायचा आणि वाढणाऱ्या पोरांना "आरं, भाजी वाढ, बुडवू नकोस" म्हणून पंगतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडत फिरायचा. गावातली माणसं त्याचं मुकाट्यानं ऐकायची. पुढं जाऊन हेच नडलं. त्याचं ऐकायची सवय सगळ्यांना होती. स्वतः काय ठरवायचं ही सवय मात्र त्यानं कुणालाच लागू दिली नव्हती. घरातही नाही. त्याची बायको शालूबाई तीस वर्षांत कधी तुळशीच्या लग्नाचं सामानसुद्धा स्वतःच्या मनानं आणायला गेली नव्हती.

मे महिन्यातलं शेवटचं लग्न पार पाडून आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी म्हशीची धार काढता काढता भावकू कलंडला. अर्धांगाचा झटका होता. बेळगावच्या दवाखान्यात अकरा दिवस काढून घरी आला तेव्हा उजवा पाय ओढत का होईना चालत होता, उजवा हात मात्र मांडीवर नुसता पडून होता. डॉक्टरांनी शालूबाईला आणि मुलीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "त्यांना सगळं समजतंय. शब्द बाहेर यायची जागा तेवढी दुखावलीय. वेळ लागेल."

किती वेळ, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. इतकं बोलणाऱ्या माणसापाशी एकच शब्द उरला होता. "न्हाय."

पाणी हवं असलं तरी न्हाय, नको असलं तरी न्हाय. म्हैस दावं तोडून पळाली तर न्हाय, आणि शालूबाई समोर येऊन बसली तर न्हाय. 'पाणी' हा शब्द त्याला आत लखलखीत माहीत असायचा. तो जीभ लावायचा, ओठ जुळवायचा, कपाळाला घाम यायचा आणि तोंडातून यायचं ते न्हायच. लिहून दाखवावं तर डाव्या हातातली पेन्सिल कागदावर नुसत्या आडव्या रेघा ओढायची. बोटं दाखवून आकडा सांगावा तर मनात पाच असायचे आणि हात तीनच बोटं वर करायचा. मग भावकू त्या बोटांकडं असा बघत बसायचा, की ती दुसऱ्याच कुणाची आहेत.

त्याची एकुलती एक मुलगी तेजस्वी. वय सत्तावीस. डिप्लोमा करून उद्यमबागेतच पंपाचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला होती. झटका यायच्या महिनाभर आधी तिनं बापाला सांगितलं होतं, "आप्पा, एक मुलगा हाय. सौरव. बोरगावचा हाय, निपाणीजवळचा. शेजारच्या युनिटात सीएनसी मशीन चालवतो. तुमी एकदा बघा."

भावकूनं मान वर न करता म्हटलं होतं, "बघू."

त्याच्या मनात नव्हतं असं नाही. त्याची एक पद्धत होती. गावातल्या कुठल्याही मुलीचं स्थळ आलं की तो एकटाच त्या गावाला जायचा, स्टँडवरच्या हॉटेलात तासभर चहा पीत बसायचा आणि न विचारता घराची सगळी माहिती काढून यायचा. बोरगावलाही तसंच जायचं होतं. पण मे महिन्यात लोकांच्या लग्नांतून उसंत मिळाली नाही. दुसऱ्यांच्या पोरींसाठी पार कोल्हापूर, गडहिंग्लजपर्यंत जाऊन आलेला माणूस स्वतःच्या पोरीसाठी बोरगावला गेला नाही, आणि त्याचं 'बघू' तसंच अधांतरी राहून गेलं.

ऑगस्टमध्ये बोरगावचे पाहुणे सुपारी फोडायला आले. सौरवचे वडील भरमू तंबाखूच्या वखारीत मुकादम होते. बोलायला मोकळा, साधा माणूस. चहा झाला, पोहे झाले. भरमूनं खुर्ची पुढं ओढून भावकूचा गार पडलेला उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मग पाव्हणं, आमचा पोरगा पसंत हाय न्हवं तुमास्नी?"

सगळी खोली भावकूकडं बघायला लागली. त्यानं जीव एकवटला. निदान मान हलवावी म्हणून मान हलवायला गेला, तर तीही भलत्याच बाजूला हलली.

"न्हाय," भावकू म्हणाला.

शालूबाई घाईघाईनं हसली. "त्यांचं तसंच हाय हो. एवढंच बोलाय येतंय. व्हयला बी न्हायच म्हणत्यात."

"असूं दे की, असूं दे की," भरमू म्हणाला आणि सुपारी फुटली. पण तेजस्वीचा चेहरा उतरलेला भावकूला दिसला. ती चहाचे कप गोळा करायला लागली आणि नंतर बराच वेळ तिनं बापाकडं बघितलं नाही.

लग्न मुलीकडं करायचं ठरलं. बारा डिसेंबरचा मुहूर्त निघाला. त्यानंतर धनुर्मास, मग पौष लागणार म्हणून दोन महिने काही नव्हतं. तेजस्वीच्या कंपनीतली मैत्रीण केतकी म्हणाली, "इव्हेंटवाल्यांना देऊन टाक. हॉल, जेवण, फोटो, सगळं तेच बघतात. तू नुसतं नटून जायचं." तेजस्वीनं ते घरी येऊन आईला सांगितलं आणि स्वतःच म्हणाली, "आप्पांच्या दारात बाहेरचा माणूस आणून लग्न करायचं? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मलाच नको वाटतंय. मी करते. न जमायला काय झालं?"

बाजेवर बसलेल्या भावकूनं हे ऐकलं. त्याला एकाच वेळी बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

गावातले लोक आले, नाही असं नाही. ज्याच्या तीन पोरींची लग्नं भावकूनं उभी केली तो महादेव आला, शेजारची जयाबाई आली. महादेव म्हणाला, "पोरी, तू फकस्त सांग, म्या पळतो." पण काय सांगायचं हेच तेजस्वीला माहीत नव्हतं. एक जण म्हणायचा जेवण बुफे ठेव, दुसरा म्हणायचा पंगतच पाहिजे. एक म्हणायचा कापड शहापूरला घे, दुसरी म्हणायची निपाणीला. सल्ला देऊन चहा पिऊन माणसं घरी जायची. जाताना प्रत्येक जण बाजेकडं बघून मान हलवायचा आणि म्हणायचा, "भावकूअण्णा असता तर..." भावकू तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसलेला असायचा.

रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून आली की तेजस्वी हातपाय धुऊन मोबाईल घेऊन त्याच्याजवळ बसायची आणि दिवसभरात लिहिलेली यादी वाचून दाखवायची. "आप्पा, साडेसहाशे माणूस धरलंय. तांदूळ पन्नास किलो बास होतील न्हवं?" बास होणार नव्हते. अठ्ठ्याहत्तर लागणार होते, सांगून ऐंशी घ्यायचे. भावकू म्हणायचा, "न्हाय." तेजस्वी विचारायची, "जास्त?" "न्हाय." "मग कमी?" "न्हाय." ती हळूच म्हणायची, "बरं, आचाऱ्यालाच विचारते." आणि यादीतली पुढची ओळ वाचायची.

तांदळाचं काही नाही, आचारी बघून घेईल, असं भावकू स्वतःची समजूत घालायचा. पण गणपती झाल्यावर एका रविवारी ती उड्या मारत आली. बेळगावातलं एक मोठं कार्यालय तिला मिळालं होतं. एवढ्या दाट मुहूर्ताला मिळालं म्हणून तिला कोण आनंद झालेला. सौरव आणि ती मोटारसायकलवरून चार कार्यालयं बघून आली होती. आई ओट्यावरून हात पुसत बाहेर आली. तेजस्वीनं फोटो दाखवले. स्टेज, झुंबरं, वधूपक्षाच्या खोल्या, खाली जेवणाचा हॉल, गाड्या लावायला जागा.

"किती लोक झोपतील बघ आई, वर सहा खोल्या हायत. शिवाय मोठा हॉल."

भावकूनं तारीख पुन्हा मनात म्हटली. बारा डिसेंबर. बेळगाव.

डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन बेळगावात भरतं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. मंत्री येतात, मोर्चे येतात, रस्ते अडतात. पण बंदोबस्ताला राज्यभरातून जे हजारो पोलीस येतात ते कुठं राहतात, याचा विचार ज्याला लग्न करायचंय तो करत नाही. ते कार्यालयांतून राहतात. ज्या कार्यालयात खोल्या जास्त, नळ जास्त, गाड्या लावायला जागा जास्त, ती आधी जातात. दहा-अकरा वर्षांपूर्वी महादेवच्या मेहुण्याचं ठरलेलं लग्न असंच ऐन वेळी उठलं होतं. भावकूनं तेव्हा दोन दिवस धावपळ करून ते खानापुरात नेऊन लावलं होतं आणि त्या दिवसापासून अधिवेशनाच्या पंधरवड्यात त्यानं बेळगावातलं कार्यालय कुणाला धरू दिलं नव्हतं. महादेवला हे आठवायला हवं होतं. पण महादेवनं त्या वेळी फक्त गाड्या सांगितल्या होत्या. का आणि कसं हे भावकूच्याच डोक्यात राहिलं होतं. यंदाच्या तारखा अजून जाहीर झाल्या नव्हत्या, तेव्हा पेपरमध्येही काही नव्हतं.

"न्हाय!" भावकू ओरडला. "न्हाय! न्हाय!"

तेजस्वी दचकली. "काय झालं आप्पा? हॉल आवडला न्हाय?"

भावकू काठी धरून उभा राहिला. पोलीस कसा दाखवायचा? त्यानं डावा हात उचलला आणि कपाळाला लावून सलाम ठोकला. पुन्हा ठोकला. बोटं नीट जुळत नव्हती.

"डोकं दुखतंय त्यांचं," शालूबाई म्हणाली. "बीपी वाढलं असंल. बाळ, आदी गोळी दे."

"न्हाय!" भावकूनं तिसऱ्यांदा हात कपाळाला लावला. गोळी आणि पाण्याचा तांब्या समोर आला. त्यानं तांब्या ढकलला, पाणी तेजस्वीच्या अंगावर सांडलं. मोबाईलवर उडालेले थेंब तिनं ओढणीनं पुसले. झुंबरांचा फोटो अजून पडद्यावर होता. ती बाजेच्या काठावर बसली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"आप्पा, खरं सांगा. हॉलचं न्हवं हे. तुमाला सौरवच नको हाय. व्हय का न्हाय?"

"न्हाय," भावकू म्हणाला.

खरं उत्तर तेच होतं. तसं नाही, बाळा, म्हणूनच तो म्हणाला होता. या एका वेळी शब्द आणि मनातलं जुळलं होतं आणि तरी ते पोचलं नाही. नकोच आहे, असंच त्यातून ऐकू आलं असावं, कारण तेजस्वी उठून गोठ्याकडं गेली, आणि बराच वेळ म्हशींना उगीच वैरण घालत राहिली. शालूबाई दारात उभी राहून एकदा गोठ्याकडं आणि एकदा नवऱ्याकडं बघत होती. "कशाला तरास देतासा हो पोरीला," ती म्हणाली. "एकटी पळायला लागलीय ती."

भावकूनं गोळी उचलून गिळली.

पुढचे आठ दिवस त्यानं जमतील ते सगळे प्रयत्न केले. महादेव आला तर त्याच्यापुढं सलाम केला, महादेवनं हसून उलट सलाम केला आणि म्हणाला, "अण्णाला जरा खुशी वाटाय लागलीय." रस्त्यानं जाणारी पोलिसांची जीप दिसली म्हणून तो काठी टेकत फाटकापर्यंत गेला आणि जीपकडं हात करून ओरडला, शालूबाई धावत येऊन त्याला आत घेऊन गेली आणि संध्याकाळी रडत रडत मुलीला म्हणाली, की तुझे आप्पा आता रस्त्यावर पळायला लागलेत. प्रत्येक खेपेला तेजस्वीच्या कपाळावर एक आठी वाढायची. प्रत्येक खेपेला सौरवचं नाव घरात थोडं कमी निघायचं. तिनं फोन घराबाहेर जाऊन घ्यायला सुरुवात केली.

मग एके दिवशी भावकूनं ठरवलं, की आता तोंड उघडायचं नाही. सांगता तर येत नाहीच. उलट तोंडातून जे येतं त्यानं पोरीच्या मनात विष कालवलं जातंय. कदाचित यंदा ते कार्यालय घेणार नाहीत. कदाचित अधिवेशन मागंपुढं होईल. आयुष्यभर त्यानं 'कदाचित'वर एकसुद्धा लग्न सोडलं नव्हतं, पण आता दुसरं काही हातात नव्हतं. त्या दिवसापासून तेजस्वी यादी वाचायची आणि भावकू गप्प बसून ऐकायचा. न्हायसुद्धा म्हणायचा नाही. "आप्पा आता शांत झालेत," तेजस्वी आईला म्हणाली. तिचा जीव हलका झाल्याचं त्याला दिसलं. ती पुन्हा त्याला टेकून बसायला लागली. पत्रिका छापून आल्या, तेव्हा पहिली तिनं त्याच्या मांडीवर ठेवली. कार्यालयाचं नाव जाड अक्षरात होतं. भावकूनं त्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

दिवाळी सरली. पत्रिका वाटून झाल्या. गडगनेरांची जेवणं सुरू झाली. आज ह्या आत्याकडं, उद्या त्या मावशीकडं, तेजस्वीला रोज कुणीतरी साडी-चोळी करून जेवू घालत होतं. लग्नाला अठरा दिवस राहिले असताना, सकाळी ती कंपनीला निघण्याच्या गडबडीत होती, तेव्हा कार्यालयाच्या मॅनेजरचा फोन आला.

"हां बोला सर... व्हय, बारा तारखेचं... काय? कोण?" ती चप्पल घालता घालता थांबली. "पोलीस? हॉलमध्ये पोलीस राहाणार? अहो, पण आमचं लग्न हाय... वरून सांगितलंय म्हणजे? मग आमी कुठं जायचं सर?"

पलीकडचा माणूस वाईट नव्हता. त्याच्याही हातात काही नाही, यंदा तुमच्यासारखीच आणखी तीन लग्नं उठली, म्हणत होता. फोन ठेवून तेजस्वी उंबऱ्यावरच बसली. शालूबाई "काय गं, काय गं" करत होती.

बाजेवर भावकूनं डावा हात हळूहळू उचलला आणि कपाळाला लावला.

तेजस्वी बघत राहिली. "आप्पा," ती म्हणाली, "डोकं दुखत नव्हतं तुमचं."

भावकूचा हात खाली आला. आणि एवढ्या महिन्यांत, दवाखान्यातही जो माणूस रडला नव्हता तो आवाज काढून रडला. तेजस्वी येऊन त्याच्या पायाशी बसली. "तुमाला म्हाईत होतं. तुमी सांगत होता. आणि म्या काय काय समजले," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्या दिवशी ती कामाला गेली नाही.

पण कळलं म्हणून कार्यालय परत मिळणार नव्हतं. महादेव, सौरव आणि ती, तिघांनी तीन दिवसांत बेळगाव ते खानापूर सगळं पालथं घातलं. त्या मुहूर्ताला रिकामं काही नव्हतं. गावातच करावं तर देवळाचा जीर्णोद्धार चाललेला. पुढचं सगळं पटांगण जांभ्या दगडांनी भरलेलं, आणि घरासमोरच्या बोळात पाच माणसं एका वेळी उभी राहायची मारामार. तेजस्वीनं त्याचा डावा हात धरून विचारायची एक युक्ती काढली होती. "व्हय असलं तर हात दाबा, न्हाय असलं तर सोडून द्या." ते बऱ्यापैकी जमलं. चार महिने आधी कुणाला हे सुचलं असतं तर! आता विचारण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.

"आप्पा, कुठं जागा असंल? कडोलीकडं?" हात सुटला. "नंदगडला?" हात सुटला. भावकूलाही सुचत नव्हतं. धावून, चार माणसांना भेटून, कुणाला गोड बोलून तर कुणावर ओरडून त्यानं जागा काढली असती. बाजेवर बसून ती निघत नव्हती.

चौथ्या दिवशी भरमूचा फोन आला. "पाव्हणं, काळजी करू नगासा. आमच्या दारात करू. म्होरं मोकळी जागा हाय, मांडववाला भावकीतला हाय. तुमी फकस्त माणसं घिऊन या." फोन स्पीकरवर होता. दुसरा इलाज नव्हता हे सगळ्यांना कळत होतं. तेजस्वीनं बापाकडं बघितलं, हात त्याच्या हातात दिला. भावकूनं दाबला.

साडेसहाशे माणसं देसूरहून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर नेणं शक्य नव्हतं. दोन बस ठरल्या, शंभर माणसं. कुणाला न्यायचं आणि कुणाला 'तुमचा आशीर्वाद असू द्या' म्हणायचं, हे ठरवताना शालूबाई आणि तेजस्वीचे दोन दिवस गेले. ज्यांची लग्नं भावकूनं उभी केली त्यातले निम्मे लोक त्याच्या पोरीच्या लग्नाला नव्हते.

हळदीच्या सकाळी अंगाला हळद लागायच्या आधी तेजस्वी त्याच्याजवळ आली. आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं त्याचा हात धरला.

"आप्पा, एकच विचारते. सौरव... चालतोय न्हवं तुमाला?"

भावकूनं लगेच हात दाबला. जोरात दाबला. खरं सांगायचं तर त्याला माहीत नव्हतं. तो बोरगावच्या स्टँडवर जाऊन बसला नव्हता, त्यानं कुणाला विचारलं नव्हतं, पोराबरोबर चार शब्द बोलला नव्हता. पण हे सगळं सांगायला हात दाबण्यापलीकडचं काहीतरी लागलं असतं. आणि सांगता आलं असतं तरी आज सांगून काय उपयोग होता? तेजस्वीचे डोळे भरले आणि ती हसत हसत उठून गेली.

बोरगावात मांडव मोठा घातला होता. माणसं अगत्याची होती. भावकूला उतरवून घेतलं, फेटा बांधला, पहिल्या ओळीत पंख्यासमोर खुर्ची दिली. कन्यादानाच्या वेळी भटजी म्हणाले, "उजव्या हातानं पाणी सोडा." शालूबाईनं इकडंतिकडं बघितलं. तीस वर्षांत तिनं अशा भरल्या मांडवात नवऱ्याच्या अंगाला हात लावला नव्हता. तिनं त्याचा लुळा हात मनगटाला धरून उचलला, त्याच्या तळव्याखाली आपला तळवा धरला आणि पाणी सोडलं. थोडं बाहेर सांडलं. भटजी पुढचं म्हणायला लागले.

अक्षता पडल्या, पानं वाढायला घेतली आणि दोन पंगती उठल्या. भावकूची नजर आपोआप मांडवाच्या मागं गेली. वांग्याच्या भाजीचं पातेलं खुर्चीवरूनच त्याला दिसत होतं आणि पळी बुडाला लागल्याचा आवाज त्याच्या कानानं टिपला. रांगेत अजून दीडशे माणसं उभी होती, बरीचशी देसूरची. वाढणारे मात्र पहिल्यासारखीच दोन-दोन पळ्या टाकत होते. आता हात आखडता घेतला, दुसऱ्या चुलीवर बटाट्याची भाजी टाकली, तर निभावेल. दहा मिनिटं होती. भावकू काठी घेऊन उठला आणि पाय ओढत निघाला. अर्ध्यावर गेला असेल, तेवढ्यात दोन पोरगेल्या माणसांनी त्याला दोन्हीकडून धरलं.

"मामा, तुमी कशाला उठलासा? काय पायजे? पाणी? बसा, बसा. नवरीचं वडील तुमी, तुमी नुसतं बसायचं."

"न्हाय," भावकू म्हणाला.

"व्हय व्हय, आणतो की," म्हणून त्यांनी त्याला परत खुर्चीवर आणून बसवलं आणि गार पाण्याची बाटली हातात दिली. तो पुन्हा उठला. पुन्हा आणून बसवला. तिसऱ्यांदा तो उठला नाही. भाजी संपली. देसूरच्या शेवटच्या पाऊणशे माणसांनी आमटी-भात आणि बुंदी खाल्ली, आणि परतीच्या बसमध्ये "जेवण लई बेस झालं" असंच म्हणत होती. खोटं बोलत नव्हती. त्यांना खरंच काही कमी वाटलं नव्हतं. खिडकीशी बसलेल्या भावकूला मात्र सगळ्या वाटेत ते रिकामं पातेलं दिसत राहिलं. पोरगी गेली त्याचं दुःखही त्या पातेल्याच्या आडोशाला जाऊन बसलं होतं. निपाणी गेली, संकेश्वर गेलं, तरी त्याला रडू आलं नाही. घरी आल्यावर शालूबाईनं त्याचा फेटा सोडला, घडी करून पेटीत ठेवला आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं."

सौरव आणि तेजस्वी दोघांची नोकरी उद्यमबागेत, म्हणून त्यांनी जवळच मजगावात खोली घेतली. रविवारी ती देसूरला येतात. भावकू आता आणखी चार शब्द बोलतो. पाणी, शालू, म्हस आणि कधी कधी नीट लागलं तर भात. लग्नाचं विचारायला आता कुणी येत नाही. फेब्रुवारीत जयाबाईच्या पोराचं लग्न झालं. त्याआधी ती पत्रिका द्यायला आली आणि अर्धा तास बसून गेली. कार्यालय कुठलं धरलंय ते भावकूनं पत्रिकेवर वाचलं. महिना बरोबर होता, अधिवेशनाचा नव्हता.

डाव्या हातानं दाढी करताना गालाला कापतं, म्हणून रविवारी सौरव त्याची दाढी करतो. अंगणात खुर्ची टाकतो, खांद्यावर टॉवेल ठेवतो, हनुवटी धरून मान वर करतो. पोराचा हात हलका आहे. बोलतो मात्र कमी, विचारल्याशिवाय काही सांगत नाही. आतून तेजस्वी कायबाय विचारत असते, आणि एका गालाची झाली की भावकू न सांगता दुसरा गाल पुढं करतो.